दर महिन्याला तोंड येतं, मग रक्त कधी तपासलं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय ३६. मी जुळे सोलापुरात राहते, शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईला आहे. तीन वर्षं झाली, मला महिन्याच्या महिन्याला तोंड येतं. कधी खालच्या ओठाच्या आत, कधी जिभेच्या कडेला, कधी गालाला. एक फोड बरा होतो न होतो तोवर दुसरा. आठ-दहा दिवस घास गिळवत नाही. घरात रोज शेंगाचटणी आणि कडक भाकरी लागते, ती सगळ्यांना वाढायची आणि मी ताकभातावर राहायचं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा घे. आमचे हे म्हणतात पोट साफ नाही. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या किती आणल्या त्याला गणती नाही. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तुरटी फिरवून झाली. एकदा डोकेदुखीची गोळी कुटून लावली तर जास्तच भाजलं. पाळीच्या आधी तर हमखास येतं. आताशा पाळीही सात-आठ दिवस चालते आणि अंगावरून जास्त जातं, पण ते वेगळं. आमचं माळकरी घर, अंडंसुद्धा चालत नाही. आता माझ्या १४ वर्षांच्या मुलीलाही दोनदा तोंड आलं, म्हणून मी तिचा पेला आणि ताट वेगळं केलंय. माझं तिला लागलं का? सासूबाई कित्येक वर्षं मिश्री लावतात, त्यांना तोंड आलेलं मी कधी पाहिलं नाही. मिश्रीनं तोंड घट्ट राहतं म्हणतात, ते खरं आहे का? आमच्या गल्लीत एकाला तोंडाचा कॅन्सर निघाला. त्यालाही आधी असाच फोड होता म्हणे. तेव्हापासून मला रात्रीची झोप नाही.

उत्तर : ताई, आधी एक काम सांगते, ते आजच करा. मुलीचा पेला आणि ताट पुन्हा घरातल्या भांड्यांत ठेवा. हे फोड एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. उष्ट्यानं लागत नाहीत, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं लागत नाहीत, लेकराचा पापा घेतल्यानंही लागत नाहीत. ज्यांची लागण होते ते फोड वेगळे. ते बहुतेक वेळा ओठाच्या बाहेर, कडेला उठतात, पाण्यानं भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा झुबका असतो, नंतर त्यावर खपली धरते, आणि ताप येऊन गेल्यावर बऱ्याचदा दिसतात. ते विषाणूमुळे होतात. तुमचे तोंडाच्या आतले, एकटेदुकटे, मध्ये पांढरट आणि भोवती लालभडक असतील तर त्यांचा त्या विषाणूशी संबंध नाही. मुलीला ते तुमच्याकडून आले असतील तर रक्ताच्या नात्यानं. आईला किंवा वडिलांना हा त्रास असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त असते, आणि पुष्कळांना तो नेमका याच वयात सुरू होतो.

आता कॅन्सरचं बोलू, कारण त्या भीतीनं तुमची झोप गेली आहे. तुमचा फोड दर वेळी जागा बदलतो आणि आठ-दहा दिवसांत आपला आपण भरून येतो. कॅन्सरची जखम असं करत नाही. ती एका जागी ठाण मांडून बसते, हळूहळू वाढते, तिच्या कडा बोटाला टणक लागतात, आणि पहिल्या दिवसांत ती बऱ्याचदा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत महिने निघून जातात. तुमचा फोड पहिल्या दिवसापासून पाण्याचा घोटसुद्धा नकोसा करतो. मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवायचंच आहे. पण पत्रात जे लिहिलंय त्यावरून हे कॅन्सरचं वाटत नाही, हे मी जबाबदारीनं सांगते. एक हिशेब मात्र कायम लक्षात ठेवा : कुठलाही फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तर घरी बसून वाट पाहायची नाही.

अशा फोडांना आम्ही अॅफ्थस अल्सर म्हणतो. साधारण पाचातल्या एका माणसाला ते कधी ना कधी होतात. आपल्याच शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरावर चालून जातात आणि तेवढ्या जागेचं अस्तर गळून पडतं. आधी एक-दोन दिवस त्या जागी चुरचुरतं, मग लाल ठिपका दिसतो, मग मधला भाग पांढरा-पिवळा होतो. तो पांढरा थर पू नव्हे. उघड्या जखमेवर शरीरानंच घातलेलं ते पांघरूण आहे. पुष्कळ बायका तो टॉवेलच्या टोकानं किंवा बोटाला मीठ लावून खरवडून काढतात, ते करू नका. खरवडलं की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. खालचे मज्जातंतू उघडे पडलेले असतात, म्हणून तिखट, मीठ, लिंबू तिथं लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट, मग दुखणं उतरतं, आणि सात ते चौदा दिवसांत डाग न ठेवता भरून येतं. फोड एक सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा, तर तो कित्येक आठवडे रेंगाळू शकतो आणि त्याला औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं लागतं.

हे सगळं मुळात कशानं सुरू होतं याचं एकच एक कारण नसतं. घराण्याचा कल असतो, गाल चावला जातो, काही टोचतं, झोप होत नाही, काळजी असते, पाळीच्या आधी शरीरातले हार्मोन बदलतात. आणि आणखी एक कारण आहे, ज्यासाठी मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबायचं आहे.

तुम्ही लिहिलंय, पाळी सात-आठ दिवस चालते, अंगावरून जास्त जातं, ‘पण ते वेगळं’. ताई, ते वेगळं नाही. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. दर महिन्याला जास्त रक्त गेलं की शरीरातलं लोह जातं. लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड ही तीन जर कमी असतील तर तोंडाचं अस्तर नीट बांधलं जात नाही. ते पातळ पडतं आणि जराशा निमित्तानं फुटतं. तोंडातल्या पेशी सतत झिजून नव्यानं तयार होत असतात, म्हणून कच्चा माल कमी पडला की पहिल्यांदा तिथं कळतं. वारंवार तोंड येणाऱ्या सगळ्यांनाच ही कमतरता असते असं नाही. पण ३६ वर्षांची बाई, जास्तीची पाळी, माळकरी घर, आणि तीन वर्षं सतत फोड, एवढं एकत्र दिसल्यावर रक्त न तपासता गोळ्या देत राहणं मला मुळीच पटत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं. आणि अशा पुष्कळींना घरात सांगितलं जातं, उष्णता आहे.

सासूबाईंचा उष्णतेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तोंड कोरडं पडतं, कोरडं अस्तर लवकर खरचटतं, रात्री उकाड्यानं झोप होत नाही. त्या दिवसांत त्रास वाढला तर नवल नाही, सब्जाचं पाणी जरूर प्या. पण तुम्हाला गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतही तोंड येतं ना? महिन्याच्या महिन्याला येतं म्हणजे थंडीतही येतच असणार. मग ते उन्हाळ्याच्या माथी मारून चालणार नाही. पोट साफ नसल्यानं तोंड येतं याला तर आधारच सापडत नाही. उगाच रेचक घेऊन पोट बिघडवू नका. उलट महिनोन्‌महिने जुलाब होत असतील, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल आणि सोबत तोंड येत असेल, तर आतड्याचा आजार असू शकतो आणि ते डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

तपासण्या तीन करून घ्या. पूर्ण रक्तगणना, म्हणजे सीबीसी. दुसरी फेरिटिन, ती शरीरात लोहाचा साठा किती शिल्लक आहे ते सांगते. तिसरी बी-१२. सिव्हिलमध्ये केसपेपर काढून दाखवलंत तर डॉक्टर लिहून देतील. तिथं जी होत नसेल ती बाहेर करा. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. पण ते १२ च्या वर निघालं म्हणून फेरिटिन टाळू नका, कारण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा नक्कीच संपलेला आहे, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार सुरू करतात. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमी धरतात.

बी-कॉम्प्लेक्सनं बरं का वाटलं, तेही सांगते. फोड दुखायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी आपण गोळी आणतो, आणखी तीन-चार दिवस खातो, तोवर फोड तसाही भरायच्या बेतात आलेला असतो. श्रेय गोळीला जातं. त्या गोळीत लोह बहुधा नसतंच आणि बी-१२ असलं तर थोडंसं. तुमची तूट खरोखर असेल तर ती चार दिवसांत भरून निघणारी नाही. आणखी एक गोष्ट, नुसतं फॉलिक ॲसिड मनानं घेत राहू नका. बी-१२ कमी असताना एकटं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बी-१२ च्या बाबतीत माळकरी घराची अडचण खरी आहे. ते ज्वारीत नाही, शेंगदाण्यात नाही, पालेभाजीत नाही, कडधान्यात नाही. ते दूध, दही, ताक, पनीर यांत आहे आणि अंडी, मासे, मटणात जास्त. घरातलं दूध आधी मुलांना, मग चहाला, आणि ताकात पाणीच जास्त, असं असेल तर तुमच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणून रोज एक वाटी घट्ट दही किंवा एक पेला दूध तुमच्या नावाचं असू द्या, आणि ते कुणासाठी बाजूला सारू नका. पण तपासणीत बी-१२ खूप कमी निघालं तर नुसत्या दह्यानं भागणार नाही, गोळी किंवा इंजेक्शन लागेल. गोळीतलं बी-१२ जंतूंच्या मदतीनं आंबवून तयार करतात, त्यात मांसाचा संबंध नाही, त्यामुळे माळ असली तरी घ्यायला हरकत नसावी. फक्त कॅप्सूलचं वरचं आवरण बहुधा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं. तेव्हा डॉक्टरांना सांगून साधी गोळी मागा, जिभेखाली ठेवायचीही मिळते. २००९ मध्ये इस्रायलमधला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार तोंड येणाऱ्यांना रोज रात्री १००० मायक्रोग्रॅम बी-१२ सहा महिने जिभेखाली दिलं. शेवटच्या महिन्यात त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना एकही फोड आला नाही. औषध नसलेली गोळी ज्यांना दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होतं. सुरुवातीचे महिने मात्र फारसा फरक दिसला नव्हता. म्हणजे उपचार सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात फोड आला तरी गोळी सोडायची नाही.

लोह कमी निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळीही आड येते. लिंबूपाण्याबरोबर घ्या, तोंडात फोड असेल तर साध्या पाण्याबरोबर. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पोटात ढवळलं तर बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगून एक दिवसाआड घ्या. हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, कारण रिकामा झालेला साठा भरायचा असतो. आणि जेवण आणि त्यानंतरचा चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की चहा येतो, मला माहीत आहे. तेवढा एक चहा पुढं ढकला. मटकी, हुलगे मोड आणून खा, म्हणजे त्यातलं लोह जास्त अंगी लागतं, आणि तोंड बरं असेल तेव्हा त्यावर लिंबू पिळा.

पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. पॅड तास-दोन तासांत भिजत असेल, गाठी पडत असतील, सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल तर त्याचं कारण शोधलं पाहिजे. गर्भाशयातली गाठ असेल, थायरॉईड असेल, दोन्हींवर उपचार आहेत. गळती चालू ठेवून वरून लोह देत राहिलं तर वर्षानुवर्षं तेच चालेल.

रक्त सुधारायला वेळ लागेल. तोवर पुढचा फोड येईल तेव्हा काय करायचं ते सांगते.

तुरटी, चुना, डोकेदुखीची गोळी, लवंगेचं तेल यांतलं काहीही फोडावर लावू नका. गोळी कुटून लावल्यावर भाजलं म्हणालात, ते खरंच भाजलं होतं. ॲस्पिरिनसारखी गोळी अस्तरावर बसली की तिथली कातडी जाळते आणि छोट्या जखमेची मोठी होते. घरातलं साजूक तूप लावायला हरकत नाही. ते जखमेवर थर धरतं, खाताना कमी झोंबतं. मधही चालतो. जाईची पानं चघळतात, त्यानं नुकसान नाही, बरं वाटत असेल तर चघळा. ज्येष्ठमधाची कांडीही चालेल, पण ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ती रोज खाऊ नये.

गुळण्या दिवसातून तीन-चार वेळा करा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, किंवा अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा खायचा सोडा. सोड्याची गुळणी कमी झोंबते, म्हणून पहिल्या दोन दिवसांत तीच बरी. पाणी तोंडात फिरवा आणि थुंकून टाका. फार ठणका असेल तर बर्फाचा छोटा खडा फोडापाशी विरघळू द्या.

औषधांत सर्वांत उपयोगी पडते ती ट्रायमसिनोलोन ०.१ टक्क्याची तोंडात लावायची पेस्ट. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनं घ्या आणि एक ट्यूब घरात ठेवा, कारण तिचा खरा उपयोग चुरचुर सुरू झाल्या दिवशी लावण्यात आहे. फोड पिकल्यावर लावली तर फायदा कमी. लावायची पद्धत बहुतेकांना कुणी सांगतच नाही. जेवण झाल्यावर चूळ भरा. स्वच्छ कापसानं ती जागा हलकेच टिपून कोरडी करा. मोहरीएवढी पेस्ट बोटावर घेऊन फोडावर नुसती टेकवा आणि दाबा. चोळू नका, चोळली की ती रवाळ होते आणि चिकटत नाही. अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्री झोपताना लावलेली सर्वांत जास्त टिकते. आठवडाभरात फरक नसेल तर थांबवून डॉक्टरांना दाखवा. त्वचेला लावायचं मलम मात्र तोंडात लावायचं नाही, मेडिकलवाल्यानं दिलं तरी.

जेवायच्या आधी लावायचं बधिर करणारं जेल मिळतं, त्यानं दोन घास सुखानं जातात. जीभ बधिर असताना ती दाताखाली येणार नाही एवढी काळजी घ्या. यातल्या काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, ते १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नये. म्हणून तुमची ट्यूब वेष्टण वाचल्याशिवाय मुलीला देऊ नका. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या डॉक्टर देतात. त्यानं जखमेत दुसरे जंतू वाढत नाहीत, पण दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चहा पिणाऱ्यांना जास्त पडतात. आठवड्यापुरत्याच करा, दात घासल्यानंतर अर्ध्या तासानं. या फोडांना अँटिबायोटिकची गरज नसते. कुणी पाच दिवसांचा कोर्स दिला तर कशासाठी ते विचारा.

आता शेंगाचटणी आणि कडक भाकरी. फोड चटणीतल्या तिखटानं होत नाही. तिखट उघड्या जखमेला झोंबतं, एवढंच. कडक भाकरीचं मात्र वेगळं आहे. ती पापडासारखी पातळ वाळलेली असते, मोडली की तुकड्याला धारदार टोक येतं, आणि घाईत घास घेताना ते टोक गालाला किंवा हिरडीजवळ लागतं. ज्यांचं अस्तर आधीच नाजूक झालंय त्यांना तिथंच दोन दिवसांनी फोड दिसतो. म्हणून तुम्ही कडक भाकरी सोडायची गरज नाही, कोरडी खायची नाही. दुधात, आमटीत किंवा गोड ताकात कुस्करून पाच मिनिटं भिजू द्या आणि मग खा. फोड असेल त्या दिवसांत तव्यावरची मऊ भाकरी तुपाबरोबर, मुगाचं वरण, आणि हुलग्याचं माडगं कोमट करून घ्या. माडगं गिळायला सोपं आणि ताकदीचंही. रक्त कमी असेल तर ताकभातावर दहा दिवस काढून ते आणखी कमी होईल. चटणीच्या जागी बिनतिखटाचा दाण्याचा बारीक कूट दह्यात कालवून घ्या. आंबट ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू तेवढे दिवस बाजूला ठेवा.

ब्रश मऊ केसांचा वापरा. टूथपेस्टच्या खोक्यावर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असेल तर दोन-तीन महिने ते नसलेली पेस्ट वापरून पाहा. हा फेस आणणारा घटक आहे आणि काहींना तो मानवत नाही. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, पण करून पाहायला काही अवघड नाही. आणि फोड येतील त्या तारखा आणि पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या सांगण्यापेक्षा ते पान जास्त लवकर कळेल.

रक्त तपासलं आणि सगळं व्यवस्थित निघालं, असंही होऊ शकतं. मग निराश होऊ नका. पेस्ट वेळेवर लावून, टोचणारं टाळून बऱ्याच जणींचा त्रास कमी होतो, आणि त्यापलीकडे गरज लागली तर तज्ज्ञांकडे गोळ्या आहेत. फोडांबरोबर जननेंद्रियाच्या जागी जखमा, डोळे लाल होऊन दुखणं, सांधे धरणं किंवा दर वेळी ताप असं काही असेल तर मात्र ते सांगायला लाजू नका. ते वेगळ्या आजाराचं लक्षण असू शकतं. तुम्ही रक्तदाबाच्या, छातीत दुखण्याच्या किंवा सांध्याच्या गोळ्या घेत असाल तर त्यांची नावंही न्या, काही गोळ्यांनी तोंडात जखमा होतात.

मुलीला दोनदाच आलंय, तिच्या तपासण्यांची घाई नाही. तिची पाळी सुरू झाली असेल आणि ती दमत असेल, फिकट दिसत असेल तर सीबीसी करा. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती घेते की दप्तराच्या कप्प्यात ठेवते, एवढं प्रेमानं विचारा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून मुली ती टाकून देतात. जेवणानंतर घ्यायला सांगा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. तुम्ही पाहिलंय ते खरं आहे. तंबाखू लावणाऱ्यांना हे फोड कमी येतात, आणि तंबाखू सोडल्यावर काही आठवडे एकदम येऊ लागतात. पण त्यामागचं कारण चांगलं नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती रोज घासून घासून आतलं अस्तर जाड आणि राठ होतं, म्हणून फोड धरत नाही. त्याच राठ झालेल्या जागी पुढं पांढरा चट्टा येतो, आणि कॅन्सर सुरू होतो तोही अशाच जागी. तुम्ही चुकूनही फोडांसाठी मिश्रीला हात लावू नका, मुलीला लावू देऊ नका. गल्लीतल्या त्या गृहस्थांची आठवण काढून तुम्ही स्वतःसाठी घाबरलात. मला तुमच्यापेक्षा सासूबाईंचं तोंड आधी पाहावंसं वाटतं.

दाताच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. नुसतं ‘मिश्री सोडा’ म्हटलं तर त्या येणार नाहीत, ‘दात दाखवून घेऊ’ म्हणा. घरी खिडकीच्या उजेडात त्यांना खालचा ओठ पुढं ओढायला सांगा आणि मिश्री जिथं लावतात तिथं पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न पुसला जाणारा डाग, टणक जागा, न भरलेली जखम, मानेत गाठ, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का तेही बघा. मावत नसतील, किंवा हल्ली साध्या आमटीनंही तोंड भाजतं असं म्हणत असतील, तर त्या सुपारी खातात का विचारा आणि त्याच आठवड्यात सिव्हिलच्या दंतविभागात दाखवा.